बॅगेकडे बघा हं जरा

विमानात बसायची भीती मला कधी वाटली नाही. एकदा पट्टा बांधला की आपल्या हातात काही उरत नाही, चालवणारा चालवतो. एकटीनं जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो तो जमिनीवरच्या गोष्टींनी. लांबच लांब रांगा, गेटाचे बदलणारे नंबर, न पोचणारे ओटीपी, काचेवर न उमटणारी बोटं, आणि या सगळ्यात घटकाभरही कुणाच्या भरवशावर ठेवता न येणारी बॅग.

आमच्या घरातून परदेशी जाणारं माणूस एकटंच जातं. लेक-जावई न्यू जर्सीत. आम्ही चिपळूणहून गुहागरला जाणाऱ्या रस्त्यावर, मार्गताम्हाण्याच्या पुढं. घरात सासूबाई, नव्वदी ओलांडलेल्या. गोठ्यात म्हैस. मागं आगर, त्यातल्या नारळी-पोफळी, त्यांचं शिंपणं. घराला कुलूप लावून दोघांनी एकदम निघणं आम्हाला जमण्यासारखं नाही. म्हणून एका खेपेला हे जातात, एका खेपेला मी. अशी घरं आता कोकणात आणि देशावरही गावोगाव आहेत. मुलं तिकडे, म्हातारी माणसं इकडे, आणि मधल्या पिढीतलं कुणीतरी एकटं, गळ्यात पासपोर्टची पिशवी अडकवून अर्धी पृथ्वी ओलांडत असतं. या माणसांचा प्रवास कुणी विचारत नाही. पोचलात ना सुखरूप, एवढंच विचारतात.

जातानाचा त्रास घरातूनच सुरू होतो. लेकीला कुळथाचं पीठ हवं असतं, आमसुलं, फणसपोळी, घरचा गोडा मसाला. सुकं खोबरं मात्र नेता येत नाही. खोबऱ्यात तेल फार, ते साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. ज्या घरात वर्षभराचं खोबरं वाळवून ठेवतात तिथल्या बाईला हे ऐकून धक्काच बसतो. पण नीट न वाळलेल्या खोबऱ्याच्या ढिगात हात घातला की ऊब लागते, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक असतंच. तूप आणि लोणचं पातळ पदार्थांत धरतात. 2006 साली लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या वर पातळ काही चालत नाही. म्हणजे तुपाची बरणी मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, आणि ती फुटली तर काय, हा घोर अख्ख्या प्रवासभर डोक्यात.

मग मुंबईला टर्मिनल दोनच्या दारात निरोप. आपल्याकडे तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, तेव्हा डोळे पुसायचे ते तिथंच, गाड्यांच्या हॉर्नमध्ये. आणि तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनच्या काचेवर बोटं टेकवायची. नारळ सोलून आणि भांडी घासून माझ्या बोटांचे ठसे झिजलेत. अधिकारी पुन्हा पुन्हा सांगतो, जोरात दाबा. मागं रांग खोळंबते. आमच्याकडे आधारच्या केंद्रातही बोटं उमटत नाहीत, पण तिथं मागची बाई म्हणते, "अहो, बोटं जरा ओली करून बघा." तिकडे तसं सांगणारं कुणी नसतं. आपण जी आहोत ती आपणच आहोत, एवढं पटवायला उभं राहायचं, आणि आपल्या बाजूनं बोलायला शेजारी कुणी नाही.

या खेपेला नवरात्राच्या तोंडावर परत निघाले. लेकीनं दोन्ही बॅगा काट्याला लावून तोलल्या, 23 किलोच्या आत बसेपर्यंत वस्तू काढल्या आणि घातल्या. सासूबाईंसाठी गुडघ्याचा पट्टा, ह्यांच्यासाठी झाडं छाटायची कात्री, वाडीतल्या पोरांना चॉकलेटं. नातीनं काढलेलं चित्र घडी पडू नये म्हणून एका मासिकात घालून हातातल्या बॅगेत ठेवलं.

न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर घरची माणसं निदान काउंटरपर्यंत येतात. 2001 च्या हल्ल्यानंतर तपासणीच्या पुढं मात्र फक्त प्रवासी. मी रांगेत पुढं सरकले तेव्हा नात पलीकडून हात हलवत होती, आणि माझे दोन्ही हात ट्रेमध्ये गुंतलेले. पर्स, फोन, औषधांचा डबा, बॅग, सगळं एकामागून एक टाकायचं, मागचा माणूस टेकलेला. हात हलवायला हात मोकळा नव्हता. दोघं असतो तर एकानं ट्रे धरला असता आणि एकानं हात हलवला असता. मला हे फार लागलं. पुढं विमानात कितीतरी वेळ तेच डोळ्यांपुढं येत होतं.

त्या संध्याकाळी न्यूयॉर्कवर विजांचं वादळ होतं. आम्हाला विमानात बसवून धावपट्टीच्या रांगेत नुसतं उभं ठेवलं. वैमानिक मधून मधून काहीतरी सांगायचा. इंग्रजी मला येतं, पण ते भराभर, घरघरत्या स्पीकरमधून आलेलं इंग्रजी निसटतं. जोडीचं माणूस असलं की आपण नुसतं कोपरानं डिवचतो, "काय म्हणाला?" त्यालाही कळलेलं नसतं कधी कधी, पण दोघांना मिळून अंदाज बांधता येतो. एकटीनं शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घ्यायचा. कुणी उसासा टाकला की समजायचं, अजून उशीर.

पुढचे बारा-एक तास काय सांगायचे? पाय सुजतात, ओठ सुकतात. विमानाच्या आतली हवा डोंगरमाथ्यासारखी विरळ ठेवलेली असते, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तशी. आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. कळसूबाईच्याही वर आपण तासन्‌तास बसलेलो असतो, तेही हलायला जागा नसताना. म्हणून उठावं, चालावं, पोटऱ्या हलवाव्यात. नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. साठीच्या पुढच्या माणसांनी हे मनावर घ्यावं, असं मी भेटेल त्याला सांगते. आतल्या सीटवर असलं की उठायला संकोच वाटतो. संकोच करू नये.

दोहाला उतरले तेव्हा मुंबईचं विमान निघून गेलेलं होतं. काउंटरवर मुलगी शांतपणे म्हणाली की रात्रीच्या विमानात जागा दिली आहे. तिच्या दृष्टीनं काम झालं होतं. माझ्या दृष्टीनं ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसचं आरक्षण गेलं होतं, चिपळूण स्टेशनवर हे ताटकळणार होते, आणि घरी निरोप द्यायला माझा फोन धड चालत नव्हता. शेवटी विमानतळाचं वायफाय लागलं. ठाण्याच्या भाच्याला लिहिलं, ह्यांना लिहिलं. भाच्याचं उत्तर लगेच आलं, "मावशी, तत्काळमध्ये बघतो, तू काळजी करू नकोस." ते वाचलं तेव्हा कुठं गेले दोन दिवस वर चढवून ठेवलेले खांदे खाली आले.

दोहाच्या विमानतळात मधोमध एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलंय, डोक्यातून दिवा उगवलेलं. उर्स फिशर नावाच्या स्विस शिल्पकाराचं काम, सात मीटर उंच. आपल्याकडे स्टेशनवर घड्याळाखाली भेटू म्हणतात, तसं तिथं सगळे अस्वलापाशी भेटू म्हणतात. मी त्या अस्वलाच्या आसपास कितीतरी तास काढले, आणि एकटीच्या प्रवासातला खरा जाच तिथं पुरता भोगला. तो म्हणजे बॅग. दर थोड्या वेळानं सूचना होते, आपलं सामान बेवारस सोडू नका. बरोबरच आहे ते, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण मग बाईमाणसानं करायचं काय? स्वच्छतागृहात जायचं तर बॅग आत ओढायची. दार लागेपर्यंत ती एका कुशीवर करायची, पर्स गळ्यात, ओढणी खांद्यावर गुंडाळलेली, ओल्या फरशीवर काही टेकायला नको. पाण्याची बाटली भरायची तर एक पाय बॅगेला लावून. जेवणाचा ट्रे आणायचा तर एका हातानं, म्हणून गरम सूप घ्यायचंच नाही. तिथं बायकांसाठी वेगळी विश्रांतीची खोली आहे, मागं रेलायच्या खुर्च्या, मंद उजेड. तिथं आडवी झाले, पण पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला आणि पाय बॅगेवर. डोळा लागला की पाय घसरायचा आणि दचकून जाग यायची. ज्या बाईनं आयुष्यभर घरातल्या दहा माणसांचं सामान सांभाळलं, तिला स्वतःची एक बॅग सांभाळताना इतकं थकायला का व्हावं? कामापेक्षा एकटेपणच माणसाला दमवतं, असं मला तिथं पडल्या पडल्या वाटत राहिलं.

रात्री मुंबईच्या गेटावर गेले आणि जग बदललं. सगळीकडे आपली माणसं. कुणी राजापूरचे, कुणी मंडणगड-दापोलीचे, कुणी युपी-बिहारकडचे. रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या आखातातल्या कमाईवर उभी आहेत, ते मला ठाऊक होतं. पण ती माणसं अशी, सुट्टीवर निघालेली, नवे बूट घालून बसलेली, मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. शेजारी पंचविशी-तिशीचा मुलगा होता. मी फोनवर ह्यांना आवाजी निरोप पाठवत होते तो ऐकून त्यानं विचारलं, "काकी, चिपळूणच्या काय तुमी? मी खेडचा." एसी दुरुस्तीचं काम करतो म्हणाला, 2022 च्या वर्ल्ड कपच्या आधीपासून इथं आहे. बहिणीचं लग्न होतं म्हणून निघाला होता. मध्ये आजी गेली तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती. सांगताना तो माझ्याकडे न बघता गेटाच्या पाटीकडे बघत होता.

मी पाणी आणायला उठले, बॅगेचा दांडा ओढला, तर म्हणाला, "राहू द्या, मी बघतो." माझं मन लगेच तयार झालं होतं. पण तेवढ्यात पुन्हा ती सूचना लागली. मी म्हटलं, "नको रे बाळा, इथला नियम आहे." त्याला राग आला नाही. तो उठला, माझ्याकडून बाटली घेतली आणि स्वतःच पाणी भरून आणलं. माझा फोन त्याच्या चार्जरला लावला. विमानात शिरल्यावर आपली जागा सोडून मागं आला आणि माझी बॅग वर चढवून गेला. 

मुंबईला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यावर त्या सगळ्यांची खोकी आली. मोठी पुठ्ठ्याची खोकी, नायलॉनच्या दोरीनं आडवी-उभी करकचून बांधलेली, गाठींवर चिकटपट्टी, आणि चारी बाजूंनी जाड काळ्या पेननं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, पिनकोड. त्या मुलाच्या खोक्यावर तर गावच्या घराची खूणही लिहिलेली होती, मशिदीच्या मागे म्हणून. हे खोकं हरवलं तर जगात कुणालाही सापडलं तरी ते त्याच दारात जायला हवं, असा तो पत्ता होता. माझ्या महागड्या बॅगेवर नुसती एक चिठ्ठी अडकवलेली. मला त्या खोक्यांचा हेवा वाटला.

त्याआधी इमिग्रेशनच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी पासपोर्ट उघडला, पत्ता वाचला आणि मराठीत विचारलं, "लेकीकडे होतात?"

"हो."

"झालं का बाळंतपण नीट?"

बाळंतपण नव्हतं, पण मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. गळा दाटून आला होता. त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "जा सावकाश."

भाच्यानं तत्काळचं तिकीट काढून ठेवलं होतं. तो मला गाडीनं ठाण्याला घेऊन आला, फलाटावर चहा पाजला, मांडवीत बसवून कामाला गेला. माझं लग्न झालं तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. मुंबईहून रात्रभर एसटीनं यायचं, कशेडीचा घाट, परशुरामचा घाट, पोट ढवळून निघायचं. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग 1998 साली सुरू झाला. तेव्हापासून मला तरी घरी येण्याची सुरुवात गाडीत बसल्यावर होते. त्या दिवशी ती नेमकी कधी झाली तेही सांगता येईल. समोर एक मायलेकी बसल्या होत्या. पनवेल गेलं, मला तोंड धुवावंसं वाटलं. मी त्या बाईंना म्हटलं, "बॅगेकडे बघा हं जरा."

त्या म्हणाल्या, "जावा तुमी. आमी आसंव कणकवलीपर्यंत."

आणि मी गेले. दोन्ही हात रिकामे. दरवाजाशेजारच्या बेसिनवर ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारलं, मानेवर घेतलं, केस सोडून पुन्हा बांधले. दारातून ओल्या गवताचा वास येत होता. तिथंच उभी राहिले, कितीतरी वेळ. बॅगेची आठवणही झाली नाही. बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं, त्यांना माझं नव्हतं. हा विश्वास आपल्याकडे अजून असा फुकट, न मागता मिळतो, आणि तो टिकावा असं मला फार फार वाटतं. परत आले तेव्हा बॅगेवर त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी पाय दुमडून बसली होती, राखण करत.

मांडवीतलं खाणं प्रसिद्धच आहे. कांदाभजी आली ती घेतली, तिघींनी मिळून खाल्ली. चहा घेतला, पुन्हा घेतला. रोहा, माणगाव, वीर. नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा आला, दिवे लागले, कानात गाडीचा आवाज भरला, आणि पलीकडे निघालो तेव्हा उन्हात सगळं हिरवं-पिवळं. दिवाणखवटी, खेड. खेडला मी खिडकीतून बघितलं, तो मुलगा दिसतो का. तो कुठल्या गाडीनं आला असेल कुणास ठाऊक. पोचला असेल केव्हाच.

चिपळूणला हे फलाटावर उभे होते. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी डबा हेरला. माझ्या हातातून बॅग घेतली, मग दुसरी घेतली, मग पर्सही घ्यायला लागले.

"पर्स राहू द्या."

"दमलीस. दे इकडे."

दिली.

गुहागरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी हळवं भात कापणीला आलेलं, कडेनं तेरडा फुललेला, रामपूरच्या पुढं कुणी नाचणीतले पक्षी हाकलत डबा बडवत होतं. हे सगळा वेळ बोलत होते. पंपाचा पाइप फुटला होता, म्हशीनं दूध कमी केलं, शेजारच्या वहिनींची मुलगी बारावीनंतर नर्सिंगला लागली. मी ऐकत होते. मला काही विचारत नव्हते, आणि तेच बरं वाटत होतं. सांगायला आयुष्य पडलंय.

सासूबाई पडवीत काठी घेऊन उभ्या. किती वेळ उभ्या होत्या विचारलं तर सांगेनात. पायरी चढायला गेले तर काठी आडवी केली. "थांब तिथंच." आतून शेजारच्या वहिनींनी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला. सासूबाईंनी एका हातानं खांब धरला आणि दुसऱ्या हातानं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, हात थरथरत होता, पाणी माझ्या पायावर सांडलं. तुकडा लांब टाकायला वहिनींना दिला. मग म्हणाल्या, "आता पाय धू आणि ये." एवढ्या तपासण्यांतून पार होऊन आलेली मी, त्या दारात मला एकच गोष्ट करायला सांगितली गेली.

जेवायला ह्यांनी केलेली कुळथाची पिठी होती, मऊ भात, भाजलेला पापड, आमसुलाचं सार. पिठी जरा पातळ झाली होती. मी तीनदा घेतली.

बॅगा पडवीतच राहिल्या, उघड्या. वाडीतली पोरं आली, चॉकलेटं त्यांनीच शोधून घेतली आणि लहानांत लहान होतं त्याला दोन दिली. कुणी कात्री बघितली, कुणी नातीचं चित्र भिंतीला लावायला खळ आणली. मी आत झोपाळ्यावर पडल्या पडल्या आवाज ऐकत होते, आणि त्यातच झोप लागली, पायाखाली काही न घेता.

पूर्वेकडे येताना शरीराचं घड्याळ पुढं ढकलायला लागतं आणि ते नाखूश असतं, म्हणून रात्री दोन-तीनच्या सुमाराला टक्क जाग येते. आली. स्वयंपाकघरात दिवा लावला तर मागोमाग सासूबाईंची काठी वाजली. त्यांना या वयात झोप कमीच. दोघी चुलीपाशी बसलो. पणती कशी आहे, मराठी बोलते का, केस किती वाढलेत, रात्री कुणाजवळ झोपते, त्यांनी एकेक करून सगळं विचारून घेतलं. मग मला गुडघ्याच्या पट्ट्याची आठवण झाली. पडवीतून आणला, चिकटणाऱ्या पट्ट्या कशा लावायच्या ते दाखवलं, नीट बसवून दिला. त्या उठल्या. काठी भिंतीला टेकवून ठेवली. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "सोड." मागच्या दारानं अंगणात उतरल्या, गोठ्यापर्यंत गेल्या, म्हशीच्या पाठीवर थाप मारून परत आल्या, आणि आल्या त्या थेट ह्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन दार वाजवायला लागल्या, "अरे ऊठ, बघ, ऊठ!"